सुरत ते आग्रा : मुक्काम बऱ्हाणपूर

दोन शहरांमधील अंतर किती, असा प्रश्न हल्ली कोणी केला तर त्याचे उत्तर मैलांत वा किलोमीटरांत क्वचितच मिळते. ते तासांत मिळते. मुंबईहून दिल्ली दोन तास, कलकत्ता अडीच तास, दुबई तीन तास, अशी ही नवी कोष्टके आमच्या धर्मग्रामातील शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. ज्या आजीबाईंनी आयुष्यात विमानाची पायरी चढलेली नाही, त्याही आपला नातू ‘तीन तासांवर’ असतो असे अभिमानाने सांगतात. मग किंचित थांबून, तो दोन वर्षांत घरी आलेला नाही, हेही सांगतात. तीन तास आणि दोन वर्षे यांची बेरीज कशी करावयाची, हे मात्र कोणत्याच कोष्टकात दिलेले नसते.

पूर्वीच्या माणसाला हाच प्रश्न केला असता तर त्याने कोस आणि मुक्काम मोजून उत्तर दिले असते. कोसाचे माप प्रांतोप्रांती निराळे. म्हणून मुक्कामांवर त्याचा भरवसा अधिक. अमुक गाव इतक्या मुक्कामांवर, म्हणजे वाटेत इतक्या रात्री परक्याच्या अंगणात काढावयाच्या, इतक्या विहिरींचे पाणी प्यावयाचे आणि इतक्या गावांतील माणसांशी बोलावयाचे. हिंदुस्थानातील ज्या दोन शहरांमधील अंतर या रीतीने सर्वांत अधिक प्रवाशांनी मोजले, त्यांत सुरत आणि आग्रा ही जोडी अग्रगण्य मानली पाहिजे. एक मोगलांचे बंदर, दुसरी त्यांची राजधानी. या दोहोंच्या मध्ये, तापीच्या काठी, बऱ्हाणपूर आहे. मुक्काम या शब्दाचा अर्थ ज्यास समजून घ्यावयाचा असेल त्याने त्या गावी जावे, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते. परवाच्या हिवाळ्यात तो योग आला.

मुंबईहून बऱ्हाणपूर लोहमार्गाने सुमारे पाचशे किलोमीटर आहे. रात्री गाडीत बसावे, भुसावळ मागे पडले की सामान आवरावयास लागावे, आणि तासाभरात उतरावे, इतका हा प्रवास सोपा. स्टेशन गावात नाही. ते तीनएक किलोमीटर बाहेर, लालबाग या वस्तीत आहे. पहाटेच्या थंडीत आमच्यासह मोजकेच उतारू फलाटावर होते. रिक्षावाल्याने आमच्या पांढऱ्या झग्याकडे पाहून विचारले, “साहेब, दर्ग्याला जायचं, गुरुद्वाऱ्यात, की कुणाचं लग्न आहे?” आम्ही म्हटले, “गाव पाहायला आलो आहोत, दादा.” तो हसला. “गाव पाहायला कोण उतरतं, साहेब? दिल्लीच्या गाड्या सगळ्या इथूनच जातात. दोन मिनिटं थांबतात अन् जातात. झोपलेल्याला तर गाव गेल्याचं कळतसुद्धा नाही.” त्याची मराठी खानदेशी वळणाची होती, तिच्यात निमाडी आणि हिंदी मिसळलेली. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. २००३ साली पूर्व निमाड जिल्ह्यातून वेगळे काढून त्याचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. परंतु रावेर आणि भुसावळ इतके जवळ की मराठी येथे पाहुणी म्हणून नांदत नाही.

या गावाला इतके महत्त्व का आले, याचे उत्तर प्रथम भूगोलाने दिले आहे. नकाशा पुढे घेतला तर सुरत आणि आग्रा यांमधील सरळ रेषा साधारण साडेआठशे किलोमीटरांची भरते. विमान ती रेषा धरते, आणि आकाशात गेल्यावर तासाभराहून थोड्या अधिक वेळात ती कापू शकते. जुना रस्ता मात्र असा जात नसे. सुरतेहून निघालेला प्रवासी आधी तापीच्या अंगाने थेट पूर्वेकडे साडेतीनशे किलोमीटर चाले, आणि बऱ्हाणपूरला पोहोचल्यावर मगच उत्तरेकडे वळे. बऱ्हाणपूर ते आग्रा ही सरळ रेषाही पावणेसातशे किलोमीटरांची आहे. म्हणजे या वळणापायी त्याला पावणेदोनशे किलोमीटर अधिक पडत, आणि रस्त्याची वळणे धरली तर त्याहूनही जास्त. अहमदाबादवरून दुसरा मार्ग होता. तरीही हा वळसा घेणाऱ्यांची वाण कधी पडली नाही.

याचे कारण सातपुडा. तापीचे खोरे आणि नर्मदेचे खोरे यांच्यामध्ये हा डोंगर पूर्व-पश्चिम आडवा पडला आहे. त्यात बऱ्हाणपूर आणि खांडवा यांच्या दरम्यान एक खिंड आहे, तेथे डोंगर खचून बसल्यासारखा खाली येतो. बैलगाड्या, हत्ती, तोफा, सारे या खिंडीतून जाऊ शके. खिंडीच्या तोंडावर, गावापासून सुमारे वीस किलोमीटरांवर, असीरगडचा किल्ला आहे. त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत, ते उगाच नव्हे. दरवाजावर पहारा असीरगडाने करावा आणि आल्यागेल्याची राहण्याची सोय बऱ्हाणपुराने पाहावी, अशी ही निसर्गानेच करून दिलेली वाटणी होती. पुढे आगगाडीच्या इंजिनिअरांनी मुंबईहून उत्तरेची वाट शोधली तेव्हा त्यांनाही हीच खिंड धरावी लागली. बैलाला जो चढ नकोसा, तो इंजिनालाही नकोसा.

गाव वसले ते चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या संधीवर. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी ते वसविले आणि सूफी साधू बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने त्याला नाव दिले. या साधूंची कबर आपल्या खुलताबादेस आहे. त्याच वंशातील राजा अली खान ऊर्फ आदिलशहा याने १५८८ च्या सुमारास बांधलेली जामा मशीद आजही गावाच्या मध्यभागी उभी आहे. तिच्या भिंतीवर अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. ज्या गावात दहा दिशांचे लोक उतरतात, तेथील राजाला आपले म्हणणे एकाच भाषेत मांडून चालत नाही, एवढे तरी त्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर आमच्या ध्यानी आले.

आता प्रवाशांची साक्ष काढू. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा जहांगीर बादशहाच्या भेटीसाठी ३० ऑक्टोबर १६१५ रोजी सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबरला बऱ्हाणपुरी पोहोचला. सुरतेपासूनचे अंतर त्याने अंदाजाने २२३ मैल धरले आहे. आजच्या मोजणीने सरळ रेषेचे अंतर त्याहून फारसे निराळे भरत नाही. दिवसाला सरासरी पंधरा मैलांच्या आसपास हा त्याचा वेग. बादशहाचा पुत्र परवेझ त्या वेळी येथे सुभेदार होता. रोला जी उतरण्याची जागा मिळाली तिची खोली त्याला भट्टीएवढी आणि भट्टीसारखीच वाटली, अशी त्याची तक्रार आहे. शिवाय तो येथे आजारी पडला. २७ नोव्हेंबरला तो पुढे निघाला आणि अजमेरला, जेथे बादशहाचा मुक्काम होता, २३ डिसेंबरला पोहोचला. मुंबई–दिल्ली विमान दोन तास उशिरा सुटले म्हणून खिडकीपाशी वाद घालणाऱ्या आजच्या उतारूने हे आठवणीत ठेवण्याजोगे आहे.

फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए याने तर या प्रवासाचा हिशेबच लिहून ठेवला. सुरतेहून आग्र्यास बैलांच्या गाडीने पस्तीस ते चाळीस दिवस लागत आणि गाडीभाडे चाळीस ते पंचेचाळीस रुपये पडे. म्हणजे दिवसाला सरासरी एक रुपयाहून थोडे अधिक. तो सतराव्या शतकाच्या मध्यास एकाहून अधिक वेळा या गावातून गेला. गावाची पुष्कळशी पडझड झालेली त्याला दिसली. परंतु येथील विणकरांचे पातळ, पारदर्शक कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जात असल्याचे त्याने नमूद केले आहे. त्या विणकरांचे वंशज आजही येथेच आहेत. गल्ल्यांतून चालताना यंत्रमागांचा खडखडाट अखंड कानी येतो. टॅव्हर्निएच्या काळी हातमाग होते, एवढाच फरक.

चाळीस दिवस चालावयाचे म्हणजे चाळीस रात्री झोपावयाचे, हे उघड आहे. पण ते आपण विसरतो. त्या चाळीस रात्रींची व्यवस्था कोणीतरी आधी करून ठेवावी लागते. बऱ्हाणपुराचे खरे वैभव या व्यवस्थेत होते. जहांगीरच्या कारकिर्दीत बांधलेली अकबरी सराई येथे अजून पाहावयास मिळते. मध्ये मोकळे अंगण, भोवती ओळीने कमानींच्या खोल्या, एका बाजूला मोठा दरवाजा. रात्री दरवाजा लागला की आतील माणूस, माल आणि जनावर सुरक्षित. धर्म, जात वा देश विचारून खोली देण्याची रीत सराईत असती तर तिच्या बहुतेक खोल्या रिकाम्याच राहिल्या असत्या.

सराईहून आम्हांस अधिक विस्मयकारक वाटले ते पाणी. सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान, ज्याला हिंदी वाचक दोहे लिहिणारा रहीम म्हणून ओळखतात, त्याच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, एका इराणी जाणकाराच्या सल्ल्याने येथे कुंडी भंडाऱ्याची योजना झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी एका भुयारी नळीत गोळा करावयाचे आणि केवळ उताराच्या जोरावर ते गावापर्यंत आणावयाचे, ही तिची युक्ती. भुयारावर ठराविक अंतराने शंभराहून अधिक विहिरी, म्हणजे कुंड्या, खोदल्या आहेत. त्यांतून भुयारात हवा खेळते आणि गाळ काढता येतो. मोट नाही, रहाट नाही, यंत्र नाही. आम्ही सुमारे ऐंशी फूट खाली उतरलो. आत भिंतींवर चुनखडीचा पांढरा थर साचलेला, पायाशी स्वच्छ पाणी वाहते आहे, आणि बोलले की आवाज दोन्ही अंगांनी दूरवर जातो. ज्याने हे काम केले त्याला एवढे ठाऊक होते की वाटसरूला सर्वांत आधी काय लागते.

या सर्व वर्णनावरून जुना प्रवास मोठा रमणीय होता, अशी समजूत वाचकांनी करून घेऊ नये. मंद वाटेची एक भयंकर बाजूही याच गावाने पाहिली आहे. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन येथे जो दुष्काळ पडला, तो या भागातील अत्यंत दारुण दुष्काळांपैकी एक होय. इंग्रज व्यापारी पीटर मंडी नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून निघाला आणि जानेवारी १६३१ च्या आरंभी आग्र्यास पोहोचला. सुरतेकडच्या वाटेवर आणि गावांच्या वेशींवर पडलेल्या प्रेतांचे वर्णन त्याने केले आहे. माळव्यात धान्य असले तरी ते तापीकाठी आणावयाचे कशाने? बैलाने. आणि बैल दिवसाला काही कोसच चालतो, चारा खातो, पाणी पितो. ज्या वाटेवर चारा नाही आणि पाणी आटले आहे, त्या वाटेवर धान्याचा तांडाच उपाशी पडतो. बादशहा शहाजहान त्या वेळी दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरीच तळ देऊन होता. त्याने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडले, आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांत वाटले जात, असे दरबारी इतिहासात लिहिले आहे. पण लंगरापर्यंत चालत येण्याचे बळ ज्याच्या पायांत उरले नव्हते, त्याचे आणि लंगराचे अंतर किती होते, हे कोणत्या कोसाने मोजावे?

त्याच तळावर, जून १६३१ मध्ये, चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल मरण पावली. तापीच्या पलीकडे झैनाबाद येथील बागेत तिला प्रथम पुरले. तो बाग, आहुखाना, आता भग्नावस्थेत आहे. डिसेंबरमध्ये शहजादा शुजा याच्या सोबतीने तिचा देह आग्र्यास नेण्यात आला आणि जानेवारी १६३२ मध्ये तेथे पोहोचला. ताजमहाल त्या वेळी उभा नव्हता. त्या संगमरवरी इमारतीचे चित्र आपल्या घरोघरी आहे. परंतु तिच्या आधी तापीकाठची ही साधी कबर होती, आणि दोहोंच्या मध्ये थंडीच्या दिवसांत काही आठवडे चाललेली एक अंत्ययात्रा होती, हे चित्रात दिसत नाही. जिवंत प्रवासी ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने, त्याच मुक्कामांवर थांबत, ही सम्राज्ञीही गेली.

आमच्या वाचकांना विशेष आपुलकीचे वाटेल असे आणखी एक नाव या गावाशी जोडलेले आहे. अकबराने १६०० साली बऱ्हाणपूर घेतले आणि असीरगडाला वेढा घातला, तेव्हा त्याच्या तळावर दोन ख्रिस्ती धर्मसेवक होते. एक संत फ्रान्सिस झेवियर यांच्या आप्तकुळातील फादर जेरोम झेवियर आणि दुसरे ब्रदर बेन्तो द गोइस. पोर्तुगीजांकडून तोफा आणि दारूगोळा मागविण्यासाठी गोव्यास पत्र लिहा, असे बादशहाने फादरांना सांगितले. असले काम आपल्या धर्माला धरून नाही म्हणून त्यांनी ते नाकारले, आणि बादशहाची काही काळ गैरमर्जी ओढवून घेतली, असे येशूसंघाच्या वृत्तांतांत आहे. किल्ला जानेवारी १६०१ मध्ये पडला. त्यानंतर अकबराने गोव्यास जो वकील पाठविला त्याच्यासोबत ब्रदर गोइस गेले.

पुढे त्यांच्यावर जी कामगिरी पडली ती या लेखाच्या विषयाला अगदी लागून आहे. उत्तरेकडे दूरवर ‘काथाय’ नावाचा देश आहे, असे व्यापारी सांगत. तो देश आणि फादर मातेओ रिच्ची जेथे काम करीत होते तो चीन, हे दोन की एक? खुष्कीच्या वाटेने जाऊन हे पाहून या, अशी त्यांना आज्ञा झाली. आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेषात, ऑक्टोबर १६०२ मध्ये, ते आग्र्याहून निघाले. लाहोर, काबूल, पामीरची पठारे, यारकंद, आणि तेथून वाळवंटाच्या कडेने चीनच्या सरहद्दीवरील सूचौ. आज त्या शहरास ज्यूचुआन म्हणतात. तेथे ते १६०५ च्या अखेरीस पोहोचले. आग्रा आणि सूचौ यांमधील सरळ रेषा सुमारे साडेतेवीसशे किलोमीटरांची. आजच्या विमानाच्या गतीने तीन तासांची. त्यांना तीन वर्षे लागली. सूचौहून पेकिंगला पाठविलेली पत्रे पोहोचावयास फार काळ गेला. रिच्चींनी धाडलेले चिनी ब्रदर १६०७ च्या मार्चअखेर त्यांना येऊन भेटले, तेव्हा गोइस अंथरुणाला खिळलेले होते. ११ एप्रिल रोजी त्यांनी देह ठेवला. काथाय म्हणजेच चीन, हे त्यांनी आपल्या पायांनी सिद्ध केले. परंतु ज्यांच्याकडे ते निघाले होते त्यांची भेट झाली नाही. वाटेत इसाक नावाचा आर्मेनियन सोबती अखेरपर्यंत त्यांच्याजवळ राहिला. एवढ्या मोठ्या अंतरात माणसाला शेवटी माणसाचाच आधार उरतो.

आगगाडी आली आणि हे सारे गणित उलटले. १८६३ साली लोहमार्ग भुसावळला पोहोचला, थोड्याच वर्षांत बऱ्हाणपूर मागे टाकून तो खिंडीतून खांडव्याला गेला, आणि १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता ही शहरे सलग रुळांनी जोडली गेली. ज्या प्रवासाला पूर्वी महिने लागत तो आता दिवसांत होऊ लागला. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने ऐंशी दिवसांत जगाची प्रदक्षिणा करणाऱ्या गृहस्थाची जी कादंबरी १८७३ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात मुंबई ते कलकत्ता या टप्प्यासाठी तीन दिवस धरलेले आहेत. मौज अशी की, तिच्यातही बऱ्हाणपूर आहे. दुपारी गाडी येथे थांबते, प्रवासी घाईघाईने काहीतरी खाऊन घेतात, आणि गृहस्थाचा नोकर खोट्या मोत्यांनी मढविलेल्या सपाता विकत घेतो. बस्स. सर टॉमस रो ज्या गावी जवळजवळ दोन आठवडे राहिला, तेथे आता एका फराळापुरता आणि एका खरेदीपुरता वेळ उरला. आज तोही दोन मिनिटांवर आला आहे, आणि विमानाने जाणाऱ्याच्या वाटेत तर गाव येतच नाही.

बऱ्हाणपुराची कळा गेली ती केवळ वेगामुळे नव्हे. दख्खनची राजधानी औरंगाबादेस गेली, १६८१ च्या आरंभी संभाजीराजांच्या फौजेने येथील पेठा लुटल्या, सुरतेचा व्यापार मुंबईने ओढून घेतला, ही कारणे इतिहासकार देतात आणि ती खरी आहेत. तरीही स्टेशन आणि गाव यांमधील ते तीन किलोमीटर आमच्या मनातून जात नाहीत. रस्ता गावाच्या पोटातून जात होता. रूळ गावाच्या कडेने गेले. विमानाची रेषा गावाला ओळखीतच नाही.

विमानाचे तासही दिसतात तितके सरळ नसतात, हे येथे सांगितले पाहिजे. वेळापत्रकात जो वेळ छापलेला असतो त्यात धावपट्टीपर्यंतचे सरकणे, चढणे आणि उतरणे हे सर्व धरलेले असते. त्यामुळे अंतर निम्मे झाले म्हणून वेळ निम्मा होत नाही. हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानावर उंच आकाशात पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. म्हणून पूर्वेकडे जाणारे विमान लवकर पोहोचते आणि परतीचे उशिरा. घर ते विमानतळ आणि तेथे तपासणीसाठी दोन तास आधी हजर राहणे, हा वेळ तर कोणी मोजतच नाही. पावसाळ्यात चिखलाने आणि नद्यांच्या पुराने बैलगाडी अडे. विमान धुक्याने अडते. आकाशातही मुक्काम आहेत. फक्त तेथे सराई नाही.

मग आमचे म्हणणे काय? वेग वाईट, असे आम्ही म्हणत नाही. धर्मगुरूला आजाऱ्याच्या उशाशी बसावे लागते आणि वेगाचे मोल त्याला इतरांहून अधिक कळते. गल्फमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाला संध्याकाळी निरोप जावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो आईच्या खाटेपाशी उभा असावा, हे आम्ही पाहिले आहे. त्या आईने डोळे उघडून त्याचे नाव घेतले, हेही पाहिले आहे. सूचौत पडलेल्या ब्रदर गोइसना अशी दोन दिवसांची वाट लाभली असती, किंवा १६३० मध्ये माळव्याचे धान्य आठ दिवसांत तापीकाठी उतरले असते, तर कोणाला नको होते? वेग ही मोठी दया आहे, आणि ती ज्या पिढीला मिळाली तिने तिचे उपकार मानावे.

परंतु त्याच मुलाची दुसरी गोष्टही आम्ही पाहिली आहे. तीन तासांत पोहोचता येते, केव्हाही येता येते, म्हणून तो येतच नाही. ज्याला चाळीस दिवस चालावयाचे असे, तो निघण्यापूर्वी शंभरदा विचार करी आणि पोहोचल्यावर राही. ज्याला तीनच तास लागतात, तो पुढच्या महिन्यावर टाकतो, मग पुढच्या नाताळावर. विमानाने दोन शहरांमधील अंतर तोडले. दोन माणसांमधील अंतर तोडण्याचे काम त्याने अंगावर घेतलेले नाही. ते काम पूर्वी होते तितकेच आजही आपल्याकडे आहे. आणि वाटेवरच्या परक्या माणसासाठी पाण्याची व निजण्याची सोय करून ठेवणे, हे जे बऱ्हाणपुराने दोन-अडीचशे वर्षे केले, तेही कोणत्या यंत्राने आपल्या हातून काढून घेतलेले नाही.

परतीच्या दिवशी आम्ही तापीच्या राजघाटावर बराच वेळ बसलो. पलीकडे झैनाबाद, अलीकडे फारुकी आणि मोगल सुलतानांच्या पडक्या महालांची भिंत. याच गावी मिर्झाराजे जयसिंग १६६७ साली वारले; हैदराबादच्या निजामाच्या घराण्याचा मूळ पुरुष १७४८ साली येथेच मरण पावला; गुरू गोविंदसिंग नांदेडला जाताना १७०८ साली येथे राहिले. कोणी जात होते, कोणी येत होते, आणि कित्येकांची वाट येथेच संपली. घाटावर एक म्हातारी केळी विकत होती. या जिल्ह्यात केळीचे पीक मोठे. तिने आम्हांस विचारले, “कुठून आले, बाबा?” आम्ही मुंबईकडून म्हटले. “लई लांब,” ती म्हणाली, आणि मोजलेल्या केळ्यांवर दोन केळी अधिक ठेवली. आठ तासांचा प्रवास तिच्या लेखी अजून लांबच होता, आणि लांबून आलेल्याला काही अधिक द्यावयाचे असते, हेही तिला ठाऊक होते.

मुंबईहून दिल्ली, आग्रा वा वाराणसीकडे आगगाडीने जाणाऱ्या आमच्या वाचकांनी एखाद्या खेपेस वाटेत एक दिवस राखून ठेवावा आणि बऱ्हाणपूरला उतरावे. हिवाळा उत्तम, पावसाळ्यानंतर असीरगडावर जाणेही सुखाचे होते. सकाळी कुंडी भंडारा पाहावा, दुपारी जामा मशिदीतील संस्कृत लेख आणि अकबरी सराई, संध्याकाळी राजघाट. येथील माव्याची जिलबी प्रसिद्ध आहे. मुलांना ती फार आवडेल. आणि गावातून निघताना ज्या कोणाला भेटावयाचे पुढच्या नाताळावर टाकले असेल, त्याला एक पत्र अवश्य टाकावे.